नाक्यावरची झडती आणि आपला ड्रायव्हर

आमच्या वस्तीत चाळीसेक घरे आहेत. त्यांतल्या बारा-तेरा घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. कुणी कर्जत-खोपोली इको चालवतो, कुणी नेरळच्या स्टँडवर असतो, कुणी खोपोलीच्या कारखान्यांतला माल टेम्पोने पनवेलला टाकतो. दोघे-तिघे मुंबईकर मालकांच्या फार्महाऊसवर ड्रायव्हर आहेत. बापाच्या वेळची कायम नोकरी राहिली नाही, शेती तर बहुतेकांना नव्हतीच. दहावी-बारावी झालेल्या पोराने लायसन काढले आणि हप्त्यावर गाडी घेतली, की घरचे म्हणतात, लागला एकदाचा मार्गाला.

त्यांतल्याच एका घरातल्या मावशी मागच्या पावसाळ्यात रविवारी सकाळी माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा छोटा टेम्पो चालवतो. कर्जतच्या बाजूची काकडी, भेंडी, तोंडली रात्री भरायची आणि पहाटेच्या आत वाशी मार्केटला पोचवायची, हे त्याचे काम. आदल्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमारास एका नाक्यावर त्याला थांबवले. नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग "गावात कुठे राहतोस?" हा शेवटचा प्रश्न कशासाठी असतो ते वाचकांना वेगळे सांगायला नको. नंतर गाडी खाली करायला लावली. अडतीस कॅरेट त्याने एकट्याने भर पावसात उतरवले. काही सापडले नाही. "जा" म्हणाले. पुन्हा अडतीस कॅरेट चढवून तो मार्केटला पोचला तोवर बाजार होऊन गेला होता. शेतकऱ्याने भाडे अर्धेच दिले.

"भाऊ, ते जाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "भाडं काय, आज नाही उद्या मिळेल. मला एकच सांगा. उद्या त्या कॅरेटमधी कुणी पुडी ठेवली आणि ह्याला ठाऊकच नसलं, तर माझ्या पोराचं काय होईल?"

मी वकील नाही. बी.कॉम. करून कारकुनी करणारा माणूस आहे. कागद वाचायची सवय मात्र आहे. मावशींना त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही, म्हणून कायदा वाचला, दोन वकील मित्रांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नशेच्या धंद्याची बाजू घेण्याचा इथे प्रश्नच नाही. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो, आणि एम.डी. नावाच्या पांढऱ्या भुकटीने घरे कशी बसतात तेही पाहतो. विकणारा पकडला जावा असे सर्वात जास्त कुणाला वाटत असेल तर ते आपल्या वस्तीतल्या आयांना. म्हणून तर विचारायचे, की रस्त्यावरचा ड्रायव्हर थांबवून तो विकणारा सापडतो का?

आपल्या दोन तालुक्यांचाच हिशेब पाहू. कर्जत आणि खालापूर हे मुंबई आणि पुण्याच्या मधले तालुके. जुना हायवे इथून जातो, द्रुतगती मार्ग इथून जातो, खालापूरचा टोलनाका इथेच आहे. या रस्त्यावर गाडीवर जेवढी नजर आहे तेवढी राज्यात फार थोड्या ठिकाणी असेल. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला, म्हणजे कोणती गाडी कधी नाक्यावरून गेली याची नोंद आपोआप राहते. जुलै २०२४ पासून ९४.५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर नवी कॅमेरा यंत्रणा चलने पाठवू लागली. ती नंबर प्लेट वाचते, वेग मोजते, सीटबेल्ट पाहते, लेन तोडली तरी टिपते. अपघात कमी व्हावेत म्हणून ती बसवली, आणि घाटातले अपघात ज्यांनी पाहिले आहेत ते तिला नावे ठेवणार नाहीत. आमच्या पोरांना चलने येतात तेव्हा ती ओरडतात खरी, पण वेग त्यांनीच वाढवलेला असतो.

पण कॅमेऱ्याला डिकीच्या आतले दिसत नाही. गुन्हा झाल्यावर ही गाडी अमुक वेळी इथून गेली होती, एवढे तो सांगू शकतो. तपासाला त्याची मदत होते. गाडीत काय आहे हे कळायला मात्र माणसाने माणसाला थांबवावे लागते. कुणाला थांबवायचे हे तिथे कॅमेरा ठरवत नाही, टॉर्च घेऊन उभा असलेला शिपाई ठरवतो. खरी मेख तिथे आहे.

आता या भागात मोठे मासे कसे सापडले ते आठवा. २६ जून २०११, म्हणजे नेमका जागतिक अमली पदार्थ विरोधी दिन. त्या दिवशी रायगड पोलिसांनी खालापूरच्या एका रिसॉर्टवर छापा घातला. रेव्ह पार्टी चालू होती. सुमारे तीनशे तरुण-तरुणी ताब्यात आले, बहुतेक मुंबई-पुण्याच्या खात्यापित्या घरचे. अटक झालेल्यांत मुंबईच्या अमली पदार्थ विरोधी पथकाचाच एक निरीक्षक होता! ही सगळी मंडळी गाड्यांनीच आली असणार. चांगल्या, काचा वर असलेल्या गाड्यांनी.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२३ ची. खोपोलीजवळच्या ढेकू गावच्या हद्दीत एका कारखान्यात पोलिसांनी एम.डी. पकडले. सुमारे ८५ किलो, पोलिसांच्या हिशेबाने १०७ कोटींचे. पाठोपाठ होनाडच्या गोदामात आणखी मोठा साठा मिळाला आणि एकूण आकडा सव्वातीनशे कोटींच्या घरात गेला. ज्या कामगिरीचे कौतुक करायचे ती ही. पण लक्षात घ्या, ती कारखान्यात आणि गोदामात शिरून झाली, भाजीचा टेम्पो खाली करून झाली नाही.

तिसरी घटना शेजारच्या पुणे जिल्ह्यातली, फेब्रुवारी २०२४ ची. ती मुद्दाम सांगतो, कारण ती दुसऱ्या बाजूची आहे. पुणे पोलिसांनी आधी सोमवार पेठेत थोडक्या मालासह काही जणांना पकडले. मात्र त्यांना कोठडीत टाकून फाइल बंद केली नाही. माल कुठून आला, हा धागा धरून ते विश्रांतवाडीच्या गोदामात गेले, तिथे मिठाच्या आडून एम.डी. ठेवलेले होते. तिथून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात, तिथून थेट दिल्लीला. सतराशे किलोंच्या वर माल, किंमत साडेतीन हजार कोटींहून अधिक. म्हणजे थोडक्या मालापासून सुरुवात करायला हरकत नाही. पण पोलिसांनी तिथेच थांबता कामा नये.

बहुतेक वेळा मात्र तिथेच थांबले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली महाराष्ट्रात अमली पदार्थांचे १३,८३० गुन्हे नोंदले गेले. केरळच्या खालोखाल देशात दुसरा नंबर. वाचून वाटते, केवढी कारवाई! पण त्यांत मोठा भाग स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल बाळगल्याचा किंवा नशा केल्याचा असतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ ची दहा हजारांवर प्रकरणे तपासली. जवळजवळ सगळी सेवनाची, आणि त्यांतली बहुतेक गांजाची. पकडलेले लोक कोण? रोजंदारीवर काम करणारे, झोपडपट्टीत नाहीतर फुटपाथवर राहणारे. गांजा काय फक्त फुटपाथवरच ओढला जातो? खालापूरच्या रिसॉर्टने २०११ मध्येच त्याचे उत्तर दिले आहे. बंगल्यात बसलेल्या माणसाला पोलिसाला शोधावे लागते. रस्त्यावरचा आयता समोर असतो. अटकेचा आकडा वाढवायचा तर सोपी वाट तीच.

ही काही आपल्याच देशातली गोष्ट नाही. अमेरिकेत काळ्या बांधवांनी ती कोर्टात मोजून दाखवली, आणि ती हकिगत आपल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक हवी. मे १९९२ मध्ये रॉबर्ट विल्किन्स नावाचा एक काळा वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबासह भाड्याच्या गाडीने परतत होता. मेरीलँड राज्यात पोलिसांनी वेगासाठी गाडी थांबवली आणि झडती घेऊ द्या म्हणाले. विल्किन्सने कायदा सांगून नकार दिला. तेव्हा कुत्रा मागवला. सगळ्या कुटुंबाला पावसात रस्त्याच्या कडेला उभे करून कुत्र्याकडून गाडी हुंगवली. काही सापडले नाही. विल्किन्सने दावा लावला. १९९५ मध्ये राज्य तडजोडीला तयार झाले, आणि त्या तडजोडीतली सर्वात मोलाची अट पैशाची नव्हती. पोलिसांनी यापुढे प्रत्येक झडतीची नोंद ठेवायची, माणसाच्या वर्णासकट, अशी ती अट होती.

नोंदी आल्या आणि सगळे उघडे पडले. जानेवारी १९९५ ते सप्टेंबर १९९६ या काळात तिथल्या मोठ्या हायवेवर ८२३ गाड्यांची झडती झाली. त्यांतले ६०० ड्रायव्हर काळे, म्हणजे शंभरात त्र्याहत्तर. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांत मात्र काळे ड्रायव्हर शंभरात सतराच होते. आणि माल किती जणांकडे सापडला? काळ्यांपैकी शंभरात २८, गोऱ्यांपैकीही शंभरात २८! दोघांकडे सारखेच. पण झडती एकाचीच जास्त घेतली, म्हणून तुरुंगात एकाचीच गर्दी जास्त झाली, आणि ती गर्दी पाहून पोलीस म्हणू लागले, बघा, हेच लोक धंदा करतात. हे चक्र आपल्या लोकांना नवे नाही. विल्किन्स पुढे वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश झाले.

आपल्याकडे नाकाबंदीत किती गाड्या थांबवल्या, किती खाली करायला लावल्या आणि त्यांतल्या किती गाड्यांत काही निघाले, याचे आकडे छापून येत नाहीत. किती अटक झाली तेवढेच छापतात. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. फक्त जमेची बाजू दाखवणारी वही मी साहेबांपुढे ठेवली असती तर त्यांनी ती माझ्या अंगावर फेकली असती.

असो. मावशींच्या प्रश्नाकडे येतो.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे आणि एम.डी. त्यात २०१५ साली आले. हा कायदा कडक आहे. इतर गुन्ह्यांत आरोप सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे माल तुमच्या ताब्यात सापडला, की तुम्हाला ठाऊक होते असे कोर्ट धरून चालते, आणि ठाऊक नव्हते हे तुम्ही दाखवायचे. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत म्हणजे अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर म्हणजे व्यापारी प्रमाण. एम.डी.ला अल्प प्रमाण दोन ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅमच्या वर. पन्नास ग्रॅम म्हणजे किराणा दुकानातली जिऱ्याची पुडी! व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी, आणि आरोपी निर्दोष असावा असे कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन माणसे खटला न संपलेली आहेत. खटल्यासाठी पनवेल-अलिबागच्या फेऱ्या घालताना घरच्यांचा जो खर्च होतो तो वेगळाच.

म्हणजे मावशींची भीती खरी आहे. पण कायद्यात ड्रायव्हरच्या बाजूचेही काही आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे तुम्हाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे. पोलिसाने तो हक्क तुम्हाला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१० साली विजयसिंह जाडेजा प्रकरणात स्पष्ट केले. एक सावधगिरी बाळगा. हे कलम अंगझडतीपुरते आहे, बॅगेला किंवा गाडीला लागू नाही. बाईची अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची.

खासगी गाडीसाठी कलम ४२ आहे. खबर मिळाली असेल तर ती आधी लिहून काढायची, सूर्यास्तानंतर झडती घ्यायची तर त्याची कारणे लिहायची आणि वरिष्ठांना कळवायचे. २०२१ साली बूटा सिंग प्रकरणात पोलिसांनी भर रस्त्यावर जीप अडवली होती. खासगी जीप म्हणजे सार्वजनिक वाहन नव्हे आणि पोलिसांनी हे लिखापढीचे काम केलेच नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. आमच्या काही उत्साही कार्यकर्त्यांना वाटते, पोलिसाशी नाक्यावरच वाद घालावा. माझे मत उलटे आहे. नाक्यावर वाद घालू नका, वेळ आणि जागा लक्षात ठेवा. हे मुद्दे कोर्टात चालतात, रात्री अडीच वाजता रस्त्यावर चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. तेवढे नम्रपणे विचारायला मात्र हरकत नाही: "साहेब, शूटिंग चालू आहे ना?"

अटक झालीच तर कारण सांगितले पाहिजे, वकील भेटू दिला पाहिजे आणि चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे केले पाहिजे. हे संविधानाचे कलम २२. याची एक हकिगत आहे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून "न्याय्य प्रक्रिया" हे शब्द गळले होते आणि संविधान सभेतही त्याबद्दल अस्वस्थता होती. ती उणीव भरून काढायची म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी हे नवे कलम स्वतः मांडले. आपली पोरे पोलीस ठाण्यात ज्या कलमाच्या आधारावर उभी राहू शकतात त्याला बाबासाहेबांचा हात लागलेला आहे. ते पाठ नसावे याचे मला वाईट वाटते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ज्याच्या हातात अनुसूचित जातीचा दाखला आहे त्याने तो जपून ठेवावा. नोकरी-शिक्षणाखेरीज इथेही तो लागतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा.

आता गाडी. गाडी गेली की कुटुंब गेले. माल सापडलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. मात्र मालकाला, त्याच्या माणसाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला ठाऊक नव्हते, आणि त्यांनी सगळी वाजवी काळजी घेतली होती, हे दाखवता आले तर गाडी वाचते. खटला संपेपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायची का? आसामातल्या बिश्वजित डे यांचा ट्रक हप्त्यावर घेतलेला होता, पोट त्यावरच. गाडीत बसलेल्या एका प्रवाशाकडे साबणाच्या पेट्यांत हेरॉईन सापडले आणि ट्रक जप्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा प्रकरणातही गाडी अटींवर तात्पुरती परत देता येते, कायदा आड येत नाही. हे निकालपत्र प्रत्येक टेम्पो युनियनने भिंतीवर लावावे.

"वाजवी काळजी" हे शब्द मी मावशींना तीन वेळा सांगितले. वाटेत अनोळखी माणूस बसवू नये. "एवढी पिशवी वाशीला दे, पाचशे घे" म्हणणाऱ्याला हात जोडावेत. पाचशे रुपयांत पिशवी न्यायची तर एस.टी. आहे, तो माणूस टेम्पो का शोधतो? फार्महाऊसवाल्या मालकाची गाडी चालवणाऱ्याने आणखी जपावे. मालकाच्या पाहुण्यांनी डिकीत काही ठेवले आणि गाडी अडली, तर पाहुणे मागच्या सीटवर वकिलाला फोन लावत बसतील. ड्रायव्हरने कुणाला लावायचा?

आणि ज्यांच्या घरातला मुलगाच नशेत सापडला आहे, त्यांनी तो पोलिसांच्या हाती लागण्याची वाट पाहू नये. याच कायद्याचे कलम ६४अ सांगते, की थोडक्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. इथून गाडीने दोन-अडीच तास. लाजेने घरात कोंडून ठेवलेली दोन पोरे मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो.

मावशींच्या मुलाने आता दोनशे पानी वही केली आहे. किती कॅरेट, कोणत्या शेतकऱ्याचे, किती वाजता भरले, कुणाला उतरवायचे, आणि खाली शेतकऱ्याची सही. पहिल्या दिवशी शेतकरी हसले, म्हणाले, तू काय तलाठी झालास का? मग त्यांनाही सोयीचे वाटू लागले, कारण मार्केटमध्ये कॅरेट कमी आले तर भांडायला कागद झाला. भरताना तो मोबाईलवर फोटो काढतो. कलम २२ आणि कलम ५० वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या धाकट्या बहिणीने सुवाच्य अक्षरात लिहून दिले आहे.

दिवाळीनंतर त्याच नाक्यावर त्याला पुन्हा थांबवले. नाव, आडनाव, गाव, सगळे तसेच. त्याने वही पुढे केली. हवालदाराने टॉर्चच्या उजेडात दोन पाने उलटली, वरचे तीन-चार कॅरेट हलवून पाहिले आणि वही परत दिली. दहा मिनिटांत टेम्पो सुटला. वाशीला तो वेळेवर पोचला. काकडीचा भाव मात्र त्या दिवशी पडलेला होता.